वेग हवा, पण नेमका कुठे?

वऱ्हाडातल्या जुन्या गावनावांची यादी मी काही महिन्यांपासून करतोय. अकोल्याचं १९१० चं आणि अमरावतीचं १९११ चं इंग्रजी गॅझेटिअर ही त्याची मुख्य साधनं. घरातल्या एखाद्या जुन्या कागदावर ‘एलिचपूर’ दिसलं, तर ते आजचं अचलपूर, हे वाचकाला चटकन कळावं, एवढाच हेतू. नावं जुळवायला पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती चालायला पाऊण तास लागे. अकोल्याचा एक मित्र म्हणाला, “भाई, कम्पाइल करून टाका, वाऱ्यासारखी पळेल.”

स्क्रिप्ट चालता चालता वाचली जाते. कम्पायलर मात्र ती आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. या पर्यायाला मोठा इतिहास आहे. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी फोरट्रानचा कम्पायलर दिला. यंत्रानं केलेलं भाषांतर माणसानं हातानं लिहिलेल्या कोडइतकं वेगवान कसं असेल, अशी तेव्हा अनेकांना शंका होती. ती बव्हंशी खोटी ठरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० संगणक आला, तेव्हा शास्त्रज्ञ फोरट्रानमध्येच गणितं मांडू लागले. एकदा कम्पाइल केलेला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवायचा असेल, तर ती मेहनत वसूल होते.

पण दुसरी बाजूही आहे. फेसबुकनं २०१० मध्ये पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारा हिपहॉप जाहीर केला. सर्व्हरवरचा भार बराच उतरला. तरीही काही वर्षांतच त्यांनी ती वाट सोडली आणि प्रोग्रॅम चालतानाच भाषांतर करणारं एचएचव्हीएम वापरलं. त्याआधी, १९७१ मध्ये, डोनाल्ड क्नुथ यांनी फोरट्रान प्रोग्रॅम तपासून दाखवलं होतं की, निम्म्याहून जास्त वेळ साधारण चार टक्क्यांहून कमी कोड खातो.

म्हणून मी आधी वेळ मोजला. चूक माझीच निघाली. प्रत्येक नावासाठी स्क्रिप्ट गावांच्या यादीची फाइल नव्यानं उघडत होती. यादी एकदाच वाचून ठेवली आणि पाऊण तासाचं काम दोन मिनिटांवर आलं. कम्पाइल केली असती, तरी ती तीच फाइल तितक्याच वेळा उघडत बसली असती.

आणखी एक विचार मनात आला. कोणतं नाव कोणत्या गावाचं मानलं, हा इतिहासातला निर्णय आहे आणि तो चुकू शकतो. वाचकाच्या हाती नुसती कम्पाइल केलेली फाइल दिली, तर बाळापूरच्या एखाद्या मुलाला माझी चूक कुठून सापडणार? इतिहासात सनद दाखवावी लागते. स्क्रिप्ट उघडी असली की ती दाखवता येते.

उद्या हीच स्क्रिप्ट हजारो पानांवर रोज चालवायची वेळ आली, तर कम्पायलरचा विचार नक्की करेन. आज मात्र मित्राला एवढंच कळवलं : आधी मोजू या, मग पळवू या.