मानधनाची पायरी

सरकारी रुग्णालय-व्यवस्थेचा इतिहास आपण बहुधा इमारतींवरून वाचतो : जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र. परभणी जिल्ह्यात, जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या गावात उभे राहून वाचला, तर तो उलटा दिसतो. तिथे व्यवस्था म्हणजे आधी दारात आलेली आशाताई, इमारत नंतर.

ही पायरी नवी नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. मानधन महिना ५० रुपये. पुढे त्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले, मग 'मार्गदर्शक'. नाव बदलत गेले; नोकरी मिळाली नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली. गरोदर बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणे, लसीकरणाला मुले जमवणे, अशा कामांना कामागणिक मोबदला ठरला.

करोनाच्या साथीत घरोघरी सर्वेक्षणाला त्याच फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या.

आम्हांला या दोन घटना एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात. वेतनाबरोबर रजा येते, निवृत्तिवेतन येते, जाब विचारण्याचा हक्क येतो. मानधनाबरोबर येते ती केवळ कृतज्ञता. कळा सुरू झालेल्या बाईसोबत मध्यरात्री निघालेली आशा कामावर असते की सेवेवर, हे १९७७ पासून सरकारी दप्तराने ठरवलेले नाही. त्या बाईला मात्र ते ठाऊक असते.