वारस, वाजीकरण आणि अलिबागचे आंगरे

१/ डिसेंबर १८३८ मध्ये कुलाबा संस्थानचे अधिपती रघुजी आंगरे अलिबागेस वारले. त्यांच्या पश्चात पुत्र जन्मला. पूर्वजाचे कान्होजी हे नाव त्यास मिळाले, परंतु १८३९ मध्येच ते मूल दगावले. विधवा राणीने दत्तकाची परवानगी मागितली, ती कंपनी सरकारने नाकारली, आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यास तेव्हा आठ वर्षे अवकाश होता.

२/ हे वंध्यत्वाचे प्रकरण नव्हे. मूल झाले होते, जगले नाही. परंतु वारस नसणे म्हणजे काय, हे अलिबागइतके उघडपणे क्वचितच दिसते. पुढे सातारा, झाशी आणि नागपूर त्याच वाटेने गेली. निपुत्रिक पुरुषापुढे तेव्हा तीन मार्ग असत: औषध, दुसरे लग्न आणि दत्तक. राजघराण्यांसाठी त्यांतला तिसरा मार्ग कंपनीने आपल्या मर्जीवर ठेवला.

३/ दुसऱ्या लग्नामागचे गृहीतक साधे होते: दोष स्त्रीचा. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या द्विभार्येस कायद्याने बंदी आली ती १९४६ साली. तोवर किती स्त्रियांनी नवऱ्याच्या दोषापायी सवत सोसली, याची नोंद कोणत्याही दप्तरात असणे शक्य नव्हते.

४/ नवल असे की, वैद्यकग्रंथ एवढे एकांगी नव्हते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग पुरुषासाठीच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचा अध्याय येतो. त्याच स्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगताना बीजाचा बिघाड, इंद्रियाची अक्षमता, वार्धक्य आणि शुक्रक्षय अशी फोड केली आहे. सुश्रुताने शारीरस्थानात शुक्रदोषांचा स्वतंत्र विचार केला. म्हणजे समागमाची क्षमता असूनही बीज सदोष असू शकते, हे शास्त्राला ठाऊक होते. घरातल्या माणसांना ते ऐकायचे नव्हते, इतकेच!

५/ योगांतील द्रव्ये ओळखीची आहेत. उडीद, दूध, तूप, साखर. त्यांच्या जोडीला अश्वगंधा, गोखरू, शतावरी, विदारीकंद आणि कपिकच्छू. कपिकच्छू म्हणजे कोकणच्या झाडोऱ्यात वाढणारी खाजकुयली. शेंगेच्या लवेने अंगाची आग होते, बी मात्र शोधून औषधात घेतात. पांढऱ्या मुसळीच्या एका प्रसिद्ध जातीचे शास्त्रीय नाव तर ‘बोरिविलियानम’, मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेले. आधी शरीराची शुद्धी, मग वाजीकरण, आणि तेही संयमी पुरुषासच, ही चरकाची अट बाजारी चूर्णांच्या डब्यांवर सहसा आढळत नाही.

६/ डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. त्यांची संख्या आणि गती मोजण्याची रीत पुढे रुळली, तेव्हा दोष कोणाचा हा प्रश्न प्रथमच तपासण्याजोगा झाला. नाडीपरीक्षेने शुक्रजंतूंची गणना होत नाही.

७/ वनस्पतींचा उपयोग होतो का? अश्वगंधेवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शुक्रजंतूंची संख्या वाढल्याचे दिसले; पण त्यात पुरुष होते अवघे ४६. उलट जस्त आणि फोलिक आम्ल ही जगभर विकली जाणारी जोडी अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर तपासली गेली, आणि २०२० च्या निष्कर्षानुसार जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. अहवालातला आकडा वाढणे आणि पाळणा हलणे यांत अंतर आहे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आठवड्यात गुण येण्याची हमी तर निव्वळ थाप. शिवाय शुक्रवाहिनी बंद असेल, तर कोणतेही चूर्ण ती उघडत नाही, आणि तपासणीविना गेलेली वर्षे पत्नीच्या वयातूनही वजा होतात.

८/ विसाव्या शतकात छापखान्यांबरोबर धातुपुष्टीच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या. त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (१९२७ ते १९५३) लैंगिक प्रश्नांची उघड, शास्त्रीय उत्तरे देत होते. अश्लीलतेचे खटले भरले गेले ते त्यांच्यावर. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

९/ स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. ज्या विकारांवर इलाजाची जाहिरात करण्यास बंदी, त्यांची यादी कायद्याला जोडली आहे. तीत नपुंसकत्व आहे, स्त्रियांमधील वंध्यत्व आहे. पुरुषांमधील वंध्यत्व असे कलम त्या यादीत नाही.