माऊसनंतरची कमांड

संगणकाचा इतिहास सांगताना एक सोपा क्रम सांगितला जातो: आधी पंच कार्डं, मग खडखडणारा टेलिटाइप, मग अक्षरांचा काळा पडदा, मग माऊस आणि शेवटी बोटाने चालणारा पडदा. नवी पायरी आली की जुनी मोडीत निघाली, हे त्यात गृहीत असतं. घरच्या संगणकापुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामात मात्र तारखा वेगळी साक्ष देतात. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींमध्ये खिडक्या-बटणांचा कन्सोल आधी मिरवला गेला आणि कमांड लाइनचं पूर्ण ताकदीचं साधन त्यामागून आलं. ते जुन्या काळातून चुकून उरलेलं नाही. कन्सोलवर काम करून त्याच्या मर्यादा कळल्यावर जाणत्या लोकांनी ते मुद्दाम घडवलं.

ॲप्लिकेशन सर्व्हर हा ब्राउझर आणि डेटाबेस यांच्यामधला मुक्काम. बँकेचा किंवा विमा कंपनीचा जावामधला प्रोग्राम त्याच्यावर चालतो. डेटाबेसची कनेक्शन्स राखून ठेवणं, व्यवहार अर्धवट राहू न देणं, कोणाला कुठे प्रवेश आहे ते पाहणं ही कामं प्रोग्रामच्या वतीने सर्व्हर करतो. अशा सर्व्हरांसाठीची जेटूईई ही प्रमाणसंहिता १९९९च्या डिसेंबरमध्ये आली. वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि जेबॉस ही नावं त्याच सुमाराची. ब्राउझरमध्ये उघडणारा कन्सोल तेव्हा विक्रीचा मोठा मुद्दा होता आणि त्यात गैर काही नव्हतं. पहिल्यांदा सर्व्हर समजून घेणाऱ्याला डाव्या बाजूची झाडासारखी मांडणी खरोखर मदत करते. अडचण दुसऱ्या सर्व्हरपासून सुरू होते. एकच प्रोग्राम चाचणीच्या यंत्रावर, ग्राहकाच्या मान्यतेच्या यंत्रावर आणि प्रत्यक्ष वापराच्या दहा-वीस यंत्रांवर चालवायचा असतो. कनेक्शन पूलची मर्यादा वाढवायची तर तेवढ्याच क्लिक तेवढ्याच वेळा कराव्या लागतात, आणि सोळाव्या यंत्रावर एक चौकट टिकमार्क करायची राहिली तर ते राहिल्याचा कागद कुठेही उरत नाही.

म्हणून कंपन्या आपणहून मागे वळल्या. आयबीएमने २००२च्या वेबस्फिअर ५मध्ये डब्ल्यूएसॲडमिन दिलं, बीईएने २००५च्या वेबलॉजिक ९मध्ये डब्ल्यूएलएसटी दिलं. आधीच्या आवृत्त्यांतही कमांडची लहान साधनं होती, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबर आहे. पण पूर्ण स्क्रिप्टिंग भाषेच्या ताकदीने सगळा सर्व्हर चालवण्याची सोय या दोन साधनांनी आणली. त्याहून बोलका पुरावा पुढचा आहे. वेबस्फिअरच्या कन्सोलने नंतर, तुम्ही आत्ता माऊसने केलेल्या कामाची कमांड कोणती, हे बाजूला दाखवायला सुरुवात केली. वेबलॉजिकच्या कन्सोलमध्ये तर माऊसचं काम नोंदवून त्याची स्क्रिप्ट बनवण्याची सोय आली. बटण दाबणाऱ्यालाही शेवटी लेखी मजकूर हवा असतो, याची ही कन्सोलनेच दिलेली कबुली आहे.

जेबॉसचा प्रवास या बाबतीत सर्वांत शिकवणारा आहे. मार्क फ्लरी यांनी १९९९मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प २००६मध्ये रेड हॅटने घेतला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत मांडणीच्या एक्सएमएल फाइल्स कितीतरी फोल्डरांत विखुरलेल्या असत. फाइल हाताने बदलायची, सर्व्हर बंद करून चालू करायचा आणि लॉग पाहत बसायचं, ही रीत. २०११च्या सातव्या आवृत्तीत ही रचना मुळापासून बदलली. मांडणी एका फाइलीत आली आणि सर्व्हरच्या प्रत्येक भागाला मार्गासारखा पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर वाचण्याची, लिहिण्याची किंवा काढून टाकण्याची कमांड द्यायची, की बरेच बदल सर्व्हर बंद न करता लागू होतात. कमांड लाइन आणि वेब कन्सोल दोघंही त्याच एका मॉडेलशी बोलतात, त्यामुळे दोघांत मतभेद राहत नाही. बॅच नावाची सोय मला त्यात सर्वांत मोलाची वाटते: दहा कमांड एकत्र बांधायच्या, सगळ्या जमल्या तर लागू होतात, एक जरी फसली तरी सर्व्हर होता तसा राहतो. शिवाय मांडणी बदलली की आधीची प्रत इतिहासाच्या फोल्डरमध्ये जाते. पुढे वाइल्डफ्लाय या नावाने चालू राहिलेल्या या सर्व्हरने डेटाबेसची सर्व किंवा काहीच नाही ही शिस्त सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कामाला लावली, हे त्याचं मोठं श्रेय आहे.

कमांड लाइन का टिकली, याचं एक सोपं उत्तर सुचवलं जातं: इंटरनेटची तार संथ होती म्हणून. यात तथ्य आहे. १९९५च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा भारतात सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं शेल खातं फक्त अक्षरं दाखवी. टेलिफोनच्या तारेवरून तेवढंच नीट येई. त्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरणारा हल्ला झाल्यावर टाटू युलेनन यांनी एसएसएच लिहिलं आणि दूरच्या यंत्राला कमांड देणं सुरक्षित झालं. पण संथ तार हेच कारण असतं, तर ब्रॉडबँड आल्यावर कमांड लाइन ओसरायला हवी होती. वर सांगितलेली साधनं २००२ ते २०११ या काळातली आहेत, म्हणजे तऱ्हेवाईक मोडेमचे दिवस सरत आलेले असतानाची.

सवयीचा मुद्दाही असाच तपासता येतो. युनिक्सवाल्यांना सवय होती म्हणून त्यांनी कमांड सोडली नाही, असं म्हणता येईल. पण मायक्रोसॉफ्टला तर सवय खिडक्यांची होती. तिथे जेफ्री स्नोव्हर यांनी २००२मध्ये मोनाड नावाचा आराखडा लिहिला आणि २००६मध्ये तो पॉवरशेल म्हणून बाहेर आला. एक्स्चेंज सर्व्हर २००७चा चित्रमय कन्सोल याच पॉवरशेलवर उभारलेला होता: बटण दाबलं की खाली कमांड चाले. विंडोज सर्व्हर २००८ नेहमीच्या डेस्कटॉपशिवाय बसवण्याची सोयही आली. ज्या कंपनीने माऊस घरोघर नेला तिचा हा निर्णय आहे. जुन्या सवयीने त्याचा उलगडा होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २०१७च्या ३१ जानेवारीला प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये एका अभियंत्याने चुकीच्या डेटाबेस सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची कमांड दिली आणि सुमारे सहा तासांतले बदल कायमचे गेले. त्यानंतर महिन्याभरातच, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या एस३ या साठवणुकीच्या सेवेत कमांडला दिलेली एक माहिती चुकली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास अडकल्या. कमांड क्षमा करत नाही, हे खरं. पण दोन्ही ठिकाणी काय घडलं ते नेमकं सांगता आलं आणि उपायही ठरवता आले. ॲमेझॉनने साधनातच अडसर घातला: सर्व्हर सावकाश काढायचे आणि किमान संख्येखाली जाऊच द्यायचं नाही. कन्सोल निर्धोक असतो हा समजही इतिहासात टिकत नाही. जुन्या जेबॉसच्या जेएमएक्स कन्सोलवरचं कुलूप ब्राउझरच्या दोनच प्रकारच्या विनंत्यांना लागू होतं. तिसऱ्या प्रकारची विनंती पाठवली की आत शिरता येई. २०१०मध्ये दुरुस्ती निघाली, तरी ती न लावलेल्या सर्व्हरांवर २०११मध्ये एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, फैलावला.

उरतो भाषेचा प्रश्न. कमांड इंग्रजी वळणाच्या आहेत आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला काळ्या पडद्याची भीती वाटते, हे मला मान्य आहे. कन्सोलची बटणंही बहुतेक इंग्रजीच असतात, पण तेवढ्याने ती भीती जात नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र एक वाट खुली आहे. हॅशच्या चिन्हापुढे त्या ओळीत जे लिहाल ते यंत्र सोडून देतं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी देवनागरीही चालते. पूलची मर्यादा का वाढवली, कोणाच्या सांगण्यावरून वाढवली आणि बिघडलं तर परत कसं फिरायचं, हे कमांडच्या वर दोन ओळींत लिहिता येतं. पुण्या-मुंबईत आणि बाहेर सर्व्हर सांभाळणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. ज्या गटात सगळ्यांना मराठी येतं, तिथे त्यांनी या दोन ओळी मराठीत लिहाव्यात.