डाव्या कुशीची कुळकथा

दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या घरी फोन करून बघा. "झोपलेत" असं सहसा कुणी सांगत नाही. "त्यांची वामकुक्षी चाललीय" असं सांगतात, आणि ओशाळतो तो फोन करणारा. झोप म्हटलं की आळस आला, डुलकीत जरा गबाळेपणा आहे आणि 'ताणून दिली' हा तर उघड निर्लज्जपणा. वामकुक्षी तेवढी सोवळ्यातली. माझे आजोबा जेवणानंतर तासभर खणखणीत घोरायचे आणि कुणी हटकलंच तर म्हणायचे, "झोपलो कुठे? जरा वामकुक्षी केली." आम्ही नातवंडं हसायचो. पण शब्दाकडे पाहिलं तर म्हातारा खोटं बोलत नव्हता.

कारण या शब्दात झोप नाहीच. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आपली मराठी कूस ही त्या कुक्षीचीच लेक. शब्द फक्त बाजू सांगतो, त्या बाजूवर पडून काय करायचं ते सांगत नाही. स्पॅनिश सिएस्ताचंही तसंच. तो शब्द लॅटिनमधल्या 'सेक्स्टा'वरून आला. सेक्स्टा म्हणजे सूर्योदयापासून सहावा तास, अर्थात भर दुपार. तिकडे घड्याळाआड लपले, इकडे कुशीआड.

आता मूळ घराणं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ४६ वा अध्याय अन्नपानाचा आहे. जेवण झाल्यावर काय करावं, हे त्यात एका श्लोकात सांगून टाकलंय. जेवणाचा जडपणा उतरेपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि त्यानंतर डाव्या कुशीवर आडवं व्हावं. संपला श्लोक. गंमत अशी की, या दोन ओळींतून मराठी घराला दोन शब्द मिळाले. शंभर पावलांची शतपावली झाली आणि डाव्या कुशीची वामकुक्षी. सख्खी भावंडंच ती, पण आपण त्यांच्या वाटण्या करून टाकल्या. शतपावली गेली रात्रीच्या जेवणाकडे, वामकुक्षी आली दुपारच्या वाट्याला. दुपारी पानावरून उठून आधी शंभर पावलं मोजणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि राजासारखं बसणं? त्याला तर शब्दच उरला नाही. सुपारी कातरत झोपाळ्यावर बसणारी पिढी होती तोवर ते निदान दिसायचं.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी आपल्या भावप्रकाशात हिशेब आणखी बारीक केला. आधी आठ श्वास उताणं पडावं, मग त्याच्या दुप्पट उजव्या कुशीवर आणि त्याच्या दुप्पट डाव्या. बेरीज होते ५६. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर चार मिनिटांच्या आतच सगळा विधी आटोपतो. मात्र त्यापुढे भावमिश्र म्हणतात की, नंतर सुखेनैव झोपावं. आपली अख्खी वामकुक्षी या शेवटच्या सवलतीत मावलेली आहे.

डावीच कूस का, याचंही उत्तर त्यांनी दिलंय: नाभीच्या वर डाव्या बाजूला जठराग्नी असतो, म्हणून अन्न पचायला ती बाजू बरी. यावर लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असा ढोल बडवायचं कारण नाही. अग्नीचं ते कारण आजचं शरीरशास्त्र मान्य करणार नाही. पण पत्ता बरोबर निघाला. जठराची पिशवी पोटात डाव्या अंगाला फुगलेली असते. डाव्या कुशीवर पडलं की आम्ल त्या फुगवट्यात खाली साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर हेच चित्र उलटं होतं आणि घशाशी जळजळ यायची वाट मोकळी होते. ॲम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी २०२२ साली जळजळीचा त्रास असलेल्या ५७ जणांची रात्रभर मोजणी केली. आम्ल वर येण्याच्या खेपांमध्ये कुशीमुळे फारसा फरक पडला नाही, पण आलेलं आम्ल परत खाली जायला लागणारा वेळ बदलला. डाव्या कुशीवर साधारण ३५ सेकंद, उताणं ७६ आणि उजवीवर ९०. बासुंदी-पुरीनंतर हा फरक कुणालाही कळावा.

योगवाले वेगळं कारण देतात. डाव्या कुशीवर पडलं की उजवी नाकपुडी मोकळी होते, ती सूर्यनाडी, आणि सूर्य म्हणजे पचन. सूर्याचं सोडून द्या, पण नाकपुडीची गोष्ट खरी आहे. कुशीवर पडलं की खालची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते. सर्दी झालेल्याने रात्री कूस बदलून बघावं, पाच-दहा मिनिटांत प्रचीती येते.

एवढं सगळं सोवळं पाळायची वेळ का आली? कारण दिवसा झोपायला शास्त्राचा विरोध होता. मुंजीत बटूला जे उपदेश करतात, त्यातला एक 'दिवसा झोपू नकोस' हा आहे. चरकसंहिता म्हणते, उन्हाळ्यात ठीक, कारण रात्र लहान असते. एरवी दिवसाच्या झोपेने कफ आणि पित्त वाढतं. तूप-तेल भरपूर खाणाऱ्यांना आणि लठ्ठ माणसांना तर उन्हाळ्यातही मनाई. म्हणजे नेमकी आपलीच पंगत. बसल्या बसल्या पेंगण्याला मात्र चरकांची हरकत नाही, तेवढ्याने काही बिघडत नाही म्हणतात. अशा मनाईत आडवं होणं चालत होतं आणि झोपणं चालत नव्हतं. मग आडवं होण्याचं नाव पुढे केलं आणि झोप त्याच्या पांघरुणात मागून शिरली. वामकुक्षी हा शब्द टिकला तो या सोयीमुळे, असं माझं मत आहे. शरीराचीही त्याला साथ आहे. दुपारची सुस्ती फक्त भाताने येत नाही. शरीराच्या आतलं घड्याळच त्या वेळी जरा मंदावतं, जेवलो नाही तरी.

पुण्यातल्या दुकानांचा 'एक ते चार'चा विनोद इथे मुद्दाम टाळतोय. तो आता दुकानदारांनाही पुरे झालाय.

चरकांनी बारा महिने दिवसा झोपायची मुभा कुणाला दिली, त्याची यादी मात्र वाचण्यासारखी आहे. गाऊन थकलेले, अभ्यासाने थकलेले, ओझी वाहून आणि वाट चालून दमलेले, म्हातारे, लहान मुलं, अजीर्ण झालेले, राग, शोक आणि भीती यांनी गळून गेलेले. आणि यादीच्या अगदी शेवटी आणखी एक गट आहे: ज्यांना दिवसा झोपायची सवयच आहे, ते.