खांडबारा आणि तापीपलीकडच्या मेवासी जहागिऱ्या

नवापूर तालुक्यातील खांडबारा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि हा मुलूख सुरतेच्या बाजारपेठेशी जोडला गेला. परिसरातील वस्ती मात्र पाड्यांचीच राहिली. मावची, गावित, भिल्ल, कोकणा कुटुंबांची घरे दाटीने नसतात, आपापल्या शेतात सुटी सुटी उभी असतात. सागाच्या मेढी, बांबूचे कूड, त्यावर शेणामातीचे सारवण, वर नळीची कौले, अशी जुनी बांधणी.

खांडबारा तापीच्या दक्षिणेस, नवापूर पेट्यात (आताच्या तालुक्यात) येते. नदीपलीकडे सातपुड्यात मात्र मेवासी म्हणवल्या जाणाऱ्या स्थानिक प्रमुखांच्या जहागिऱ्या होत्या. काठी, नाल, सिंगपूर व नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे असे सहा प्रमुख सरकारी नोंदींत आढळतात. पाडवी, वळवी, वसावे ही पदे आज तिथली आडनावे आहेत. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, 1825 मध्ये भिल्ल एजन्सी आली, तरी या प्रमुखांकडची गावे टिकली. काठीची राजवाडी होळी त्या सत्तेची आठवण अजूनही जागती ठेवते.

1906 मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन हा सारा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. 1936 च्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांच्या आदेशात आणि पुढे 1950 च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात नवापूर पेटा व मेवासी गावे एकत्रच नोंदली गेली. दोन्हीकडची जमीनव्यवस्था निराळी असली, तरी कायद्याने त्यांना एकाच संरक्षणाखाली आणले, आणि ते योग्यच होते. 1961 च्या विनियमाने मेवासी प्रमुखांचे मालकी हक्क संपवले.

जहागिरी संपली तरी जमीन हातची जाणे थांबले नाही. सावकाराच्या कर्जात आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे गेल्या आणि मालकच दुसऱ्याच्या शेतावर सालदार झाले. शहाद्याकडे आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी याविरुद्ध लढा उभारला. 6 जुलै 1974 पासून आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना देण्यावर कडक निर्बंध आले. पाठोपाठ झालेला जमीन परत करण्याचा कायदा 1 नोव्हेंबर 1975 ला अमलात आला. त्यात 1 एप्रिल 1957 नंतरचेच व्यवहार धरले आहेत. त्याआधी गेलेल्या जमिनी त्या कायद्याबाहेर राहिल्या.