मेल होता रे! पेशवे दफ्तर ते चाकण: कागद किती दिवस ठेवायचा?

भोसरीहून चाकणला निघालेली तुमची कंपनीची बस मोशीच्या पुढे कुठेतरी अडकली असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. विषय ऐकून कदाचित झोप येईल: ऑफिसचे ईमेल किती वर्षं ठेवायचे? पण थांबा. याच प्रश्नापायी एका चांगल्या माणसाची मान खाली गेलेली मी बघितली आहे.

तर झालं असं. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. एका ब्रॅकेटच्या भोकाचं माप ड्रॉइंगपेक्षा थोडं वेगळं ठेवायला ग्राहकाच्या इंजिनिअरने मेलवर होकार दिला होता. तो मेल आमच्या क्वालिटीच्या काकांना आला होता. सहा वर्षांनी तोच पार्ट 'ड्रॉइंगप्रमाणे नाही' म्हणून परत आला, सोबत डेबिट नोट. काका तोवर रिटायर झाले होते. माणूस गेला की ९० दिवसांत त्याचा मेलबॉक्स उडवायचा, ही आमची पद्धत. ती कुणी ठरवली, का ठरवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला की काकांनीच परस्पर बदल केला असणार. मी फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "मेल होता रे, मी स्वतः वाचला होता."

आता जरा मागे जाऊ. पुण्यात पुरालेखागार आहे, जुन्या लोकांच्या तोंडी 'पेशवे दफ्तर'. ती इमारत १८९१ ची. आत मोडी लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आपल्या भाषेत फोल्डर म्हणा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण इंग्रजांनी दफ्तर जाळलं नाही. का? इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाची जमीन सरकारी, कुणाची इनाम, कुणाकडून सारा घ्यायचा, हे त्या कागदांत होतं. १८५२ चा कायदा आला आणि इनाम कमिशनने लोकांकडे पुरावा मागितला. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्या माणसालाही सनद दाखव म्हणून सांगितलं गेलं. कागद जुळला नाही तर इनाम धोक्यात. माणूस खरं बोलतोय की नाही, हा प्रश्नच मागे पडला.

पुढे गो. स. सरदेसाईंनी याच दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. सारावसुलीसाठी राखलेले कागद इतिहासाच्या कामी आले. ते ठेवताना कुणाच्या मनातही हे नसेल.

मग सगळंच कायम ठेवावं का? नाही. पण फेकायचं कधी, हेही बघावं लागतं. २००१ मध्ये अमेरिकेत एनरॉन कंपनी बुडाली. तीच एनरॉन, जिने आपल्या दाभोळला वीज प्रकल्प उभारला होता. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन फर्मकडे कागद ठेवण्या-फेकण्याचा नियम होता. चौकशीची चाहूल लागली, तेव्हा 'आपला नियम पाळा' असा मेल आतल्या वकिलाने पाठवला आणि टनावारी कागद फाडले गेले. २००२ मध्ये फर्म दोषी ठरली. २००५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, पण तोवर फर्म जवळपास संपली होती. नियम असणं हा गुन्हा नव्हता. संकट दिसल्यावरच त्याची आठवण येणं महागात पडलं.

आपल्याकडचं गणित सोपं आहे. ईमेल हे फक्त पाकीट, मुदत आतल्या मजकुराची. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर ८ आर्थिक वर्षं ठेवायची. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. आणि आपल्या पट्ट्यातल्या वाहन उद्योगाचं जे मानक आहे, आयएटीएफ १६९४९, ते म्हणतं: पार्टची मंजुरी, टूलिंगच्या नोंदी, ऑर्डर, करार आणि त्यांतले बदल, हे सगळं तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिससाठी लागतोय तोवर, वर आणखी एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकाने किंवा कायद्याने वेगळं सांगितलं असेल तर तसं. म्हणजे काकांचा तो मेल १५ वर्षंही ठेवावा लागला असता. कँटीनच्या मेन्यूचा मेल मात्र महिन्यात गेला तरी चालेल. उलट, लोकांची खासगी माहिती काम संपल्यावरही साठवून ठेवणं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याला धरून नाही.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. तिथे हा नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चारच ओळी लिहिल्या. मुदत विषयानुसार, माणसानुसार नाही. मंजुरीचा मेल आला की त्याच दिवशी पार्टच्या फाइलमध्ये. माणूस नोकरी सोडताना आधी मेल चाळायचे, मगच खातं बंद. आणि वाद सुरू झाला की खोडणं लगेच थांबवायचं.

तो कागद मी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

उद्या कंपनीत गेलात की एकदा विचारा: आपल्याकडे सोडून गेलेल्या माणसाच्या मेलचं काय होतं? उत्तर मिळालं तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!