मेणवलीचा सहा चौकी वाडा
देशावरील वाड्याची वंशावळ मांडू गेल्यास तिच्या मुळाशी मधोमध आकाश मोकळे ठेवून भोवती ओसरी, पडवी आणि खोल्या बांधलेले साधे चौकाचे घर सापडते. पेशवाईतील सरदार-मुत्सद्द्यांनी या चौकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चौक जोडीत आपला संसार आणि कारभार एकाच आवारात आणला, व त्या जोडकामाचा उत्तम मासला वाईजवळ, कृष्णाकाठी मेणवलीस अद्याप उभा आहे. १७६८ साली औंधच्या प्रतिनिधींनी व साताऱ्याच्या मंत्र्यांनी हा गाव नाना फडणिसांस इनाम दिला, आणि पुढे नानांनी तेथे घाट, मेणेश्वराचे देऊळ व सहा चौकांचा वाडा बांधविला. (घाटावरील घंटा मात्र वसईच्या लुटीतली, मूळची फिरंग्यांच्या चर्चमधली; १७०७ हे साल तिच्या अंगावर अद्याप वाचता येते.)

असल्या इमारतीचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर तो एक खण. घडीव दगडाच्या जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, असा भार उतरत असल्यामुळे आतील भिंतींकडे आडोशाचे आणि गारव्याचेच काम उरे, आणि म्हणूनच पुढची बाजू सबंध उघडी ठेवून ऐसपैस ओसरी काढणे गवंड्यास जड जात नसे. निमुळते सुरूदार खांब आणि त्यांमधील नक्षीदार महिरपी मोगल दरबाराच्या वळणाच्या खऱ्या. परंतु माझ्या मते ही उसनवारी अंगावरल्या दागिन्यांपुरतीच राहिली, हाडपेर गावच्या घराचेच.

देवडीतून आत शिरणाऱ्याची मजल त्याच्या सलगीवर ठरे : कामकाजासाठी आलेला रयत वा जासूद बाहेरच्या चौकातच थांबे, इष्टमित्र दिवाणखान्यापर्यंत जात, आणि माजघर, देवघर, मुदपाकखाना यांचे चौक घरच्या माणसांचे. कारकून, रुमाल आणि फर्द यांनी गजबजलेला बाहेरचा भाग नसता, तर कोणत्याही कुटुंबास, ते कितीही मोठे असो, इतके चौक कशाला लागले असते?

१८०० साली नाना वारले. कारभार संपला, तरी कागद वाड्यातच राहिले. कालांतराने ‘मेणवली दफ्तर’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे रुमाल इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांच्या हाती आले, त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहाबरोबर १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले, आणि त्यामुळे नानांचे घर पाहू इच्छिणारास मेणवलीस, तर त्या घरातून चाललेला कारभार वाचू इच्छिणारास पुण्यास जावे लागते.